तालमीला जागा द्या

ठाण्यात नाटक करायला जागा आहे, नाटक बसवायला नाही. मासुंदा तलावाच्या काठी राम गणेश गडकरी रंगायतन १९७८पासून उभं आहे. घोडबंदर रस्त्याकडे डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, आणि खाडी ओलांडली की नवी मुंबईत, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह. तयार प्रयोग घेऊन येणाऱ्याला ही दारं उघडी आहेत. पण ज्यांच्या हातात अजून अर्धीच संहिता आहे, ज्यांचा दुसरा प्रवेश काही केल्या उभा राहत नाही, ज्यांना महिनाभर रोज संध्याकाळी दोन-तीन तास चुका करायला चार भिंती हव्या आहेत, त्यांच्यासाठी या दोन्ही शहरांत फारसं काही नाही. ही मुलं तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून वाचन करतात, उपवन तलावाच्या काठावर हालचाली बसवतात, कुणाच्या तरी इमारतीच्या गच्चीवर जमतात. मग आवाजाची तक्रार होते, सुरक्षारक्षक वर येतो आणि तालीम मोडते.

एकांकिका करणाऱ्या मुलांमध्ये मी बराच वावरलो आहे. सर्जनशीलतेबद्दल आपण जे बोलतो आणि प्रत्यक्षात जे करतो, त्यातलं अंतर मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. बोलण्यात आपण कमी पडत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सर्जनशीलता आहे, शाळांच्या माहितीपत्रकांत आहे, एप्रिल-मेच्या शिबिरांच्या जाहिरातींत तर ती सर्वांत मोठ्या अक्षरांत असते. शिबिरात मूल घालणाऱ्या आई-वडिलांची तळमळ खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. सर्जनशीलता वाढवता येते, पण ती तालमीत वाढते. म्हणजे जिथे काम अर्धवट असतं, कुणी गुण देत नसतं आणि माणसाला उद्या पुन्हा येता येतं. आपण मुलांना आणि मोठ्यांनाही वर्ग देतो, स्पर्धा देतो, महोत्सव देतो. तालीम देत नाही. ही उणीव एकेकट्या घराने भरून काढण्यासारखी नाही, ती महापालिकेच्या दारात नेण्याची गोष्ट आहे.

सर्जनशीलता जन्माला येतानाच मिळते, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. त्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. दंडी या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यादर्श' या ग्रंथात बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की पूर्वसंस्कारातून येणारी अद्भुत प्रतिभा नसली तरी अध्ययनाने आणि प्रयत्नाने उपासना केली, तर वाणी काही ना काही अनुग्रह करतेच. पुढे अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटाने काव्याचं कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र बांधल्या. एक शक्ती, म्हणजे अंगची प्रतिभा. दुसरी निपुणता, म्हणजे लोकव्यवहार, शास्त्रं आणि आधीची काव्यं डोळसपणे पाहून आलेली जाण. आणि तिसरा, जाणकाराच्या हाताखालचा अभ्यास. या तिन्हींपैकी एकीवर भागत नाही, तिन्ही मिळून एकच कारण होतं, असं त्याचं म्हणणं. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, हे मान्य करून टाकू. उरलेल्या दोन पूर्णपणे आपल्या हातात आहेत, आणि समाजाने विचार करायचा तो याच दोघींचा.

जन्मजात देणगीच्या समजाची आजची आवृत्ती शास्त्राचं नाव घेऊन येते. उजवा मेंदू कलेचा, डावा हिशेबाचा. तुमचं मूल कुठल्या मेंदूचं ते आम्ही ओळखून देतो. रॉजर स्पेरी यांना १९८१मध्ये नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या कामातल्या फरकावरच्या संशोधनासाठी. त्या संशोधनातून माणसांच्या 'उजव्या' आणि 'डाव्या' अशा जाती मात्र निघत नाहीत. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात हजाराहून अधिक लोकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या गेल्या. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही अशी विभागणी सापडली नाही. तरीही या समजावर वर्ग चालतात. त्यांतला सर्वांत वाईट प्रकार 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चा. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल रंग ओळखतं, पुस्तक वाचतं, असं दाखवलं जातं. नाकाजवळच्या फटीतून दिसत असतं, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वेळोवेळी उघड केलं आहे. त्यात गेलेल्या पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागते. मूल आई-बाबांना आनंद व्हावा म्हणून फटीतून पाहतं आणि पाहिलं नाही असं सांगतं. ज्या वयात त्याने 'मला हे जमत नाहीये' असं निर्धास्तपणे म्हणायला शिकायचं, त्या वयात ते जमल्याचं सोंग करायला शिकतं.

आता निपुणतेकडे वळू. इथे माझं काही मित्रांशी कायम वाजतं. 'पाठांतर, सराव, शिस्त यांनी मुलांची सर्जनशीलता मरते, त्यांना मोकळं सोडा', असं ते म्हणतात. १९५०मध्ये जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे लक्ष वेधलं. एका प्रश्नाला अनेक उत्तरं शोधणारा विचार त्यांनी चर्चेत आणला. त्यातून पुढे विटेचे किती उपयोग सुचतात, अशा चाचण्या रुळल्या. चाचणी म्हणून त्या उपयुक्त आहेत. पण शिबिरांनी त्यांनाच शिक्षण करून टाकलं आहे. मूल विटेचे वीस उपयोग घडाघडा सांगतं आणि पालक टाळ्या वाजवतात. वीट हातात घेऊन कमान उभी करणाऱ्या गवंड्याला विटेचं वजन, तिचं पाणी पिणं, तिचं तुटणं माहीत असतं, आणि त्याला जे नवं सुचतं ते या माहितीतून सुचतं. एका विषयातली कल्पकता दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. विटेचे उपयोग सांगण्याच्या सरावाने मूल त्याच खेळात पटाईत होतं.

पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०२२मध्ये पहिल्यांदाच पंधरा वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारशक्ती तपासली. भारत त्या फेरीत नव्हता. निकालात सिंगापूर सर्वांत वर होतं: ६० पैकी सरासरी ४१ गुण, तर ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी ३३. सिंगापूर म्हणजे परीक्षांचा आणि कडक अभ्यासाचा देश. पण त्याच निकालात हाँगकाँग, मकाव, तैवान हे गणितात अग्रेसर असणारे प्रदेश सर्जनशील विचारात सरासरीच्या आसपासच राहिले. मी यातून इतकंच घेतो, की पक्का अभ्यास सर्जनशीलतेचा शत्रू नाही आणि एकटा पुरेसाही नाही. हे मम्मटाच्या म्हणण्याच्या फार जवळ जातं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण पाहा. २०१४मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यात होतं, आणि वारली चित्रांचा तो मुलूख. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आकार मोजके: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. लग्नात चौक, म्हणजे देवीचं चौकोनी भित्तिचित्र, लिहिणाऱ्या सुवासिनींना रंग निवडायची मुभा नव्हती आणि विषयही ठरलेला. तरीही त्या भिंतींवरचा जिवंतपणा पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. जिव्या सोमा मशे यांनी तेच मोजके आकार घेऊन मासेमारीची जाळी, मुंग्यांची वारुळं, आगगाडी सगळं कागदावर आणलं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना आधी कुणी मोकळं सोडलं असतं आणि रंगांची मोठी पेटी दिली असती, तर यापेक्षा अधिक काही झालं असतं असं मला वाटत नाही. रागसंगीतात तर हे रोजचंच. ठाण्यात राहिलेल्या पं. राम मराठे यांच्या नावाने महापालिका दरवर्षी संगीत समारोह भरवते. रामभाऊंनी एकाच नव्हे, अनेक गुरूंकडून विद्या घेतली, त्यात जगन्नाथबुवा पुरोहितांसारखे शिस्तीचे गुरू होते. मैफिलीत क्षणाक्षणाला नवं सुचत जातं, ते त्या शिस्तीतून गळ्यात मुरलेल्या गाण्याच्या आधाराने.

आणि 'अचानक सुचलं' याचा अर्थही आपण चुकीचा लावतो. गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी स्वतःचा अनुभव लिहून ठेवला आहे. कुतांस गावी सहलीला जाताना बसच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि अडलेल्या प्रश्नाचा मुख्य धागा एकदम हाती आला. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याआधी पंधरा दिवस ते रोज टेबलापाशी बसून त्याच प्रश्नाशी झटत होते, चुकीची गोष्ट सिद्ध करायला निघाले होते, हा भाग गाळला जातो. गोष्ट सांगताना पायरी राहते, पंधरा दिवस जातात. शहराने सोय करायची ती त्या पंधरा दिवसांची.

तालमीत गुण नसावेत, असं मी वर म्हटलं. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा थांबतो. १९७३मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एका बालवाडीत प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची मुलं, स्केचपेनांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेली. काही मुलांना आधीच सांगितलं, की चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी ते दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली आणि कोण आपणहून चित्रं काढतं ते पाहिलं. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यात रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकून होती. बोली लावून काढलेली चित्रंही, कोणती कुणाची हे माहीत नसलेल्या परीक्षकांना, कमी प्रतीची वाटली.

आता आपल्याकडे बघा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हातात ब्रश आणि रंग आले ते त्यांच्यामुळे, आणि चित्रकलेच्या कित्येक शिक्षकांनी त्यासाठी रविवार खर्ची घातले आहेत. या परीक्षा बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण इंटरमिजिएटची श्रेणी दहावीच्या गुणांना जोडली गेली, ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३, आणि वर्गांचं रूप पालटलं. स्मरणचित्राच्या कागदावर मुलाने आपल्या आठवणीतलं काही काढायचं असतं. ठाण्यातल्या अनेक वर्गांत मी पाहिलं आहे, की मुलांना दोन-तीन रचना घोटून दिल्या जातात: पुढे एक मोठी पाठमोरी बाई, मध्ये गाडीवाला, मागे इमारतींची रांग. विषय भाजी मंडईचा आला तर गाडीवर भाजी, जत्रेचा आला तर फुगे. कळव्याच्या मुलीने कळव्याचा बाजार काढायचा नाही, कोपरीच्या मुलाने कोपरीचा नाही. दोघांनी परीक्षकाच्या डोळ्यांना सरावलेला एकच बाजार काढायचा. आठवणीच्या कागदावर आठवण उरत नाही. यात शिक्षकांना दोष देणं मला पटत नाही. दहावीच्या टक्केवारीत सात गुणांना काय किंमत आहे, हे ठाण्यात अकरावीच्या प्रवेशयादीकडे डोळे लावून बसलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते गुण तिथून काढावेत, कलेची परीक्षा कलेपुरती ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पर्धांचं काय, असं कुणी विचारेल. मराठी एकांकिका तर स्पर्धांवरच वाढली. खरं आहे. तारीख ठरली की काम पुरं होतं, अनोळखी प्रेक्षकांपुढे उभं राहिलं की कळतं आपण कुठे आहोत. पण स्पर्धा ही शेवटच्या दिवसाची गोष्ट आहे. तिच्याआधी दोन महिने असतात, आणि त्या दोन महिन्यांत मुलांना जागा मिळाली नाही, तर ती धोका पत्करत नाहीत. गेल्या वर्षी जे जिंकलं त्याच्याच वळणाचं काहीतरी घाईघाईत बसवतात. परीक्षकांच्या तोंडून 'नवीन काही दिसत नाही' अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. त्याचं एक कारण गच्चीवरून उठवल्या गेलेल्या त्या तालमींत आहे.

जागेने काय होतं, याचा सर्वांत ठळक मराठी पुरावा दादरमध्ये आहे. छबिलदास मुलांच्या शाळेचं साधं सभागृह. १९७४मध्ये 'आविष्कार' संस्थेने तिथे नाटकं करायला सुरुवात केली आणि पुढची दीडेक दशकं प्रायोगिक मराठी रंगभूमीचा तो पत्ता झाला. पुढे तर चळवळीलाच शाळेचं नाव पडलं. सजलेलं नाट्यगृह नव्हतं, बाहेरचे आवाज आत येत. होतं ते एवढंच, की जागा परवडत होती, पुन्हा मिळत होती, आणि एखादा प्रयोग फसला तर कुणी उद्ध्वस्त होत नव्हतं. त्यानंतर आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली, तीही शाळाच. त्याच्या आधी, पन्नास-साठच्या दशकांत, मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटच्या एकाच आवारात गायतोंडे आणि हुसेन चित्रं काढत होते, अल्काझी नाटकं बसवत होते, रविशंकरांची संगीतशाळा भरत होती. एकाच्या कामाचा आवाज दुसऱ्याच्या कानावर पडत होता. अशा जागा ठरवून प्रतिभावंत तयार करत नाहीत. पण त्या नसत्या तर यांतली किती माणसं एकमेकांना भेटली असती?

नवी मुंबईत याच विचाराची एक वास्तू उभी आहे आणि आपण तिच्यावरून रोज जातो. सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६च्या दरम्यान रचलेली ही वसाहत. सात घरांच्या मधे आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, असे तीन समूह मिळून आणखी मोठं अंगण, आणि पुढे असंच वाढत जाणारं. घरं बैठी, एकाची भिंत दुसऱ्याला न चिकटलेली, प्रत्येकाला स्वतःचं थोडं आकाश. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घर पुरं करून दिलेलं नव्हतं. कुटुंबाला हवं तसं, साध्या मिस्त्रीच्या हाताने पुढे वाढवता यावं, अशी सोय मुळातच ठेवलेली होती. नंतर अनेकांनी घरं वाढवली, कित्येकांनी पाडून नवी बांधली, आणि वास्तुकलेच्या काही अभ्यासकांना त्याचं दुःख होतं. मला होत नाही. दुसऱ्याच्या कल्पनेसाठी जागा सोडणं, ही त्या रचनेतली मोठी गोष्ट होती, आणि दुसऱ्यांनी ती वापरली. आज घोडबंदर रस्त्याच्या किंवा खारघरच्या मनोऱ्यांत राहणाऱ्या मुलाला भिंतीवर खिळा ठोकायला, खाली चेंडू खेळायला, क्लबहाउसमध्ये तबला वाजवायला नियमावली पाहावी लागते. त्या आवारात पोहण्याचा तलाव आहे, व्यायामशाळा आहे. ज्याचा उपयोग आधी ठरलेला नाही अशी एकही खोली नाही.

खरं तर नवी मुंबई हे शहरच कुणी न मागितलेल्या कल्पनेतून आलं. १९६४मध्ये मुंबईचा विकास आराखडा सूचनांसाठी खुला झाला, तेव्हा कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी उत्तरेकडे लांबत जाणाऱ्या मुंबईऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याचा पर्याय मांडला. कुणी त्यांना हे काम दिलेलं नव्हतं. १९६५मध्ये 'मार्ग' नियतकालिकाने तो प्रसिद्ध केला, १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. या कल्पनेसाठी ९५ गावांतल्या आगरी, कोळी आणि इतर कुटुंबांच्या जमिनी गेल्या, आणि १९८४च्या आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. कल्पना भव्य असली म्हणून न्याय्य होतेच असं नाही. आणि ज्यांच्या जमिनीवर ती उतरली, त्यांच्याकडेही स्वतःची निर्मिती होती. लग्नविधी गाण्यांतून पार पाडणाऱ्या धवलारणी या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या गात आल्या. नव्या शहराच्या सांस्कृतिक आराखड्यात त्यांना कुठे बसवायचं, हे कुणी विचारलं नाही. उद्या तालमीच्या खोल्या झाल्याच, तर करावे, दिवाळे, घणसोली या गावठाणांतल्या बायकांनी तिथे मुलींना धवले शिकवावेत, असं मला फार वाटतं.

सर्जनशीलता म्हटलं की आपण कलेपाशी थांबतो, तेही बरोबर नाही. राज्य औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत १९६२नंतर ठाण्यातच झाली, वागळे इस्टेट. तिथल्या टूलरूममधल्या फिटर-टर्नर मंडळींनी अवघड भाग पकडायला स्वतःच्या डोक्याने जिग आणि फिक्स्चर बनवली. त्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत. त्यातल्या कित्येक शेडच्या जागी आता काचेची कार्यालयं आहेत. आयटीआयच्या मुलाला कामाच्या वेळेबाहेर लेथ वापरू देणारी एकही सार्वजनिक जागा माझ्या पाहण्यात नाही, आणि ही उणीव नाटकाच्या हॉलइतकीच मोठी आहे.

ऐरोलीच्या, महापेच्या कार्यालयांत कल्पकतेची सत्रं होतात. सगळ्यांनी गोल बसायचं, सुचेल ते बोलायचं, रंगीत चिठ्ठ्या भिंतीला लावायच्या. येल विद्यापीठात १९५८मध्येच दिसून आलं होतं, की चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या आणि मग एकत्र केलेल्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरतात. गटात माणूस दुसऱ्याचं ऐकण्यात आपलं विसरतो, हसतील म्हणून गप्प बसतो. नाटकवाल्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं. लेखक एकटा लिहितो, नट घरी एकटा पाठ करतो, मग सगळे तालमीला येतात. दोन्हींचा क्रम लागतो.

आणि आता तर यंत्रच कविता लिहून देतं, चित्र काढून देतं. पालक मला विचारतात, मग मुलाने हे सगळं शिकायचं कशाला? माझं उत्तर असं, की तयार वस्तू जितकी स्वस्त होईल, तितकी ती घडवण्यातून माणसात जे घडतं त्याची किंमत वाढेल. पंधरा संध्याकाळी एका प्रवेशाशी झगडलेल्या मुलीला दुसऱ्याचं मन कसं चालतं ते थोडं कळलेलं असतं. ती समज यंत्राकडून मागवता येत नाही.

राजशेखर या आणखी एका संस्कृत काव्यशास्त्रकाराने प्रतिभा दोन प्रकारची सांगितली, निर्माण करणाऱ्याची कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची भावयित्री. ठाण्याकडे दुसरी भरपूर आहे. १८९३मध्ये ज्या गावात मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं, जनकवी पी. सावळाराम जिथे नगराध्यक्ष झाले, जिथे आचार्य अत्रे कट्टा आणि अभिनय कट्ट्यासारखे उपक्रम नागरिकांच्या हिमतीवर चालतात, तिथे ऐकणारे कान आहेत. त्या कानांपुढे येणारं काम कच्चं का राहतं, हा प्रश्न रसिकांनीही आपला मानायला हवा.

मागणी साधी आहे. महापालिकेच्या शाळांच्या इमारती अनेक ठिकाणी संध्याकाळी रिकाम्या असतात. त्यातली सभागृहं आणि मोठे वर्ग सात ते साडेनऊ या वेळात नाममात्र शुल्कात तालमीसाठी द्यावेत. नाटक, गाणं, नाच, चित्र, यंत्रांची खटपट, काहीही. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शांत जागा लागते, हे आपण मान्य केलं आणि अभ्यासिका काढल्या. ठाणे महापालिकेने तर चिंतामणराव देशमुखांच्या नावाने प्रशासकीय प्रशिक्षण संस्थाच चालवली. तालमीला लागणारी जागा ही त्याच तोडीची गरज आहे.

अडचणी मला ठाऊक आहेत. बाकं मोडतील, विजेचं बिल येईल, शिपायाला थांबावं लागेल, मुली उशिरापर्यंत असतील तर सुरक्षेची जबाबदारी कुणाची? अनामत रक्कम घ्या, शिपायाला जादा कामाचा मोबदला द्या, दारापाशी दिवे लावा. सर्वांत मोठी भीती वेगळी आहे. खोली एखाद्या स्थानिक पुढाऱ्याच्या मंडळाच्या ताब्यात जाईल आणि तिथे फलक लागतील. म्हणून नोंदणी सगळ्यांना दिसेल अशी ऑनलाइन असावी, एका गटाला सलग ठरावीक आठवड्यांहून जास्त मिळू नये, आणि खोलीत उद्घाटन, सत्कार, भाषण यांना मनाई असावी. शेवटी प्रयोग करून दाखवण्याची अटही नको. तीन आठवडे येऊन एखाद्या गटाने 'हे नाटक जमत नाही' म्हणत काम सोडून दिलं, तरी त्यांना पुढच्या वेळी खोली मिळायला हवी.

ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नवी मुंबईत आठ विभाग. प्रत्येकात एक धरली तर सतरा खोल्या होतात. एवढ्यावर सुरुवात करता येईल. वर्षाच्या शेवटी आयुक्तांपुढे जो अहवाल जाईल त्यात किती प्रयोग झाले, किती पारितोषिकं मिळाली, असे रकाने नसावेत. कुठली खोली किती संध्याकाळी उघडी होती आणि तिथे कोण कोण येऊन गेलं, एवढीच नोंद त्यात असावी.